अमेरिकेत पशुवैद्यक होण्याआधीची महाविद्यालयीन वर्षे : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बारावीनंतर नीटच्या गुणांवर विद्यार्थी थेट पशुवैद्यकाच्या पदवीला जातो. अमेरिकेत तो आधी महाविद्यालयात जीवशास्त्र, सेंद्रिय रसायन, जीवरसायन, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकतो, सुट्ट्यांत दवाखान्यात व गोठ्यात राबतो, त्या प्रत्येक तासाची नोंद ठेवतो आणि मग चार वर्षांच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमासाठी अर्ज करतो. तिकडे वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरी ही वाट उगाच लांबवलेली वाटू शकते. पण विषयांची अट आणि तासांची अट या दोन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून आल्या आहेत.

१८७२ च्या शरद ऋतूत टोरांटोजवळ सुरू झालेली घोड्यांच्या फ्लूची साथ काही आठवड्यांत अमेरिकेत पसरली आणि घोड्यांवर चालणारी शहरे ठप्प झाली. ९ नोव्हेंबरला बोस्टनमध्ये मोठी आग लागली तेव्हा बंब माणसांनी ओढत नेले. शिकलेले पशुवैद्य त्या वेळी मोजकेच होते. घोड्यांच्या उपचाराला शहरांत मागणी होती, म्हणून खासगी पशुवैद्यकीय महाविद्यालये निघत गेली. त्यांतल्या अनेक ठिकाणी दोन हिवाळ्यांची व्याख्याने पदवीला पुरत आणि प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची फारशी विचारपूस होत नसे.

याच काळात कॉर्नेल विद्यापीठात जेम्स लॉ हे स्कॉटिश प्राध्यापक दीर्घ आणि शास्त्रीय शिक्षणाचा आग्रह धरून होते. त्यांचे विद्यार्थी डॅनियल सॅमन यांना १८७६ मध्ये अमेरिकेतील पहिली पशुवैद्यकीय डॉक्टरेट मिळाली आणि १८८४ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या पशुउद्योग विभागाचे ते पहिले प्रमुख झाले. साल्मोनेला या जिवाणूचे नाव त्यांच्यावरूनच पडले. याच विभागात थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमार्फत पसरतो हे सिद्ध केले व १८९३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. गोचीड, डास यांसारखे संधिपाद जीव सस्तन प्राण्यांत रोग पसरवतात याचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो, आणि माझ्या मते विषयांच्या अटीचे मूळ इथेच आहे. रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे तर रसायन आणि जीवशास्त्राचा पाया आधी हवा. १९०६ च्या मांस तपासणी कायद्यानंतर सरकारला मोठ्या संख्येने पशुवैद्य लागू लागले, आणि कोणत्या महाविद्यालयांचे पदवीधर नोकरीस पात्र हे सरकार ठरवू लागल्याने तोकडे अभ्यासक्रम टिकेनासे झाले.

पुढे मोटारी आल्या, शहरांतून घोडा गेला आणि १९२० चे दशक संपेपर्यंत खासगी महाविद्यालये बंद पडली. उरली ती मुख्यतः विद्यापीठांशी जोडलेली महाविद्यालये. त्यांनी प्रवेशाआधी महाविद्यालयाचे एक वर्ष आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वर्षे मागायला सुरुवात केली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळाल्याने अर्जांचा लोंढा आला, जागा मात्र थोड्या होत्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी तर दारे जवळजवळ बंदच होती. १९४५ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत तिचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने निघालेल्या महाविद्यालयाचे मोल त्यामुळे फार मोठे आहे.

तासांची अट याहून नवी. शेतावर वाढलेल्या मुलाला गाय कशी धरायची हे वेगळे विचारण्याची गरज नव्हती. नंतर अर्जदार शहरांतून येऊ लागले, कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढले, आणि शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्यानंतर मुलींना अडवणारे अघोषित कोटे मोडले. आज दर पाच विद्यार्थ्यांत सुमारे चार मुली असतात. ज्यांच्या घरी कधी जनावर नव्हते अशांना हे काम खरोखर माहीत आहे का, हे पाहण्याचा मार्ग म्हणजे अनुभवाची नोंद. सामायिक अर्जपद्धतीत पशुवैद्याच्या देखरेखीखालचे तास आणि जनावरांची इतर देखभाल हे वेगवेगळे लिहावे लागतात; घरच्या कुत्र्याला फिरवणे पहिल्या रकान्यात जात नाही. अनेक महाविद्यालये शिफारसपत्रही पशुवैद्याचेच मागतात, आणि ते एका सुट्टीच्या ओळखीवर नीट लिहिता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासूनच एखाद्या दवाखान्यात नियमित जाणे सोयीचे ठरते.