घरच्या घरी रेकॉर्डची सीडी: हे काम एवढं किचकट का झालं

घरात टर्नटेबल आहे, रेकॉर्डचा साठा आहे आणि त्याची सीडी करायची म्हटलं की लोकांना वाटतं एक वायर इकडून तिकडे जोडली की झालं काम. पण यात जे जे अडतं ना, म्हणजे आवाज पातळ येणं, गाणं भलत्याच जागी तुटणं, रेकॉर्डरने कोरी सीडीच न घेणं, त्या प्रत्येकामागे वेगवेगळ्या काळात कुणीतरी घेतलेला एखादा निर्णय आहे. तो माहीत असला की निम्मी डोकेदुखी कमी होते.

कोलंबियाने 1948 मध्ये मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची व्हायनल एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी प्लास्टिकची मोठी रेकॉर्ड, आणली, पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरची 45 ची छोटी रेकॉर्ड आली, आणि 78 च्या जड, पडली की फुटणाऱ्या लाखेच्या तबकड्या हळूहळू मागे पडल्या. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायला लागली ती फेऱ्या कमी झाल्या आणि खाचा बारीक झाल्या म्हणून, आणि खरी गोम इथेच आहे. बेसचा, म्हणजे खालच्या जाड सुरांचा, आवाज आहे तसा कोरला तर खाच आडवी इतकी वळते की शेजारच्या खाचेत घुसेल, नाहीतर सगळ्या खाचा लांब लांब ठेवाव्या लागतील आणि जागा वाया जाईल. म्हणून कोरताना बेस दाबायचा, ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, वाढवायचा आणि वाजवताना बरोबर उलटं करायचं, की बेस मूळ जागेवर येतो आणि ट्रेबल खाली आणताना रेकॉर्डची खरखरही सोबत कमी होते. फार सुंदर युक्ती आहे ही. आधी ज्या त्या कंपनीचं आपापलं प्रमाण होतं, 1954 च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, एकच प्रमाण ठरवलं. त्यात 20 हर्ट्झला साधारण 20 डेसिबल खाली आणि 20,000 हर्ट्झला जवळपास तेवढंच वर असा हिशोब आहे.

हे उलटं करायचं काम अँप्लिफायरमधलं फोनो सर्किट करायचं, शिवाय कार्ट्रिजमधून (सुईचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागातून) येणारा चार-पाच मिलिव्होल्टचा नाजूक सिग्नलही तेच मोठा करायचं. सीडी आल्यावर कंपन्यांना वाटलं आता रेकॉर्ड कोण वाजवतंय, आणि 1990 च्या दशकात नव्या अँप्लिफायरमधून फोनो इनपुट गायब व्हायला लागला. नेमक्या त्याच काळात लोकांना जुन्या रेकॉर्डची सीडी करायची हौस आली! मग टर्नटेबलची वायर थेट अँप्लिफायरच्या ऑक्स या साध्या इनपुटमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये जायची आणि आवाज एकदम बारीक, बेस नसलेला, किरटा यायचा. त्यात टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर लोंबकळत राहिली तर मागे घुं घुं चालूच. लोक सीडीला किंवा डिजिटलला नावं ठेवायचे, दोष मात्र मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे तेच फोनो सर्किट वेगळ्या डब्यात, नसल्याचा असायचा.

सीडी फिलिप्स आणि सोनीने मिळून ठरवली, 1982 च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आली. आवाजाची सेकंदाला 44,100 मोजमापं, म्हणजे नमुने, हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला, कारण तेव्हा डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरायचे, एका ओळीत 3 नमुने, 245 ओळी, सेकंदाला 60 वेळा, गुणाकार करून बघा. सीडीच्या 16 बिटमध्ये सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मिळतो आणि चांगल्या रेकॉर्डचा साधारण 60-70 च्या घरात असतो, त्यामुळे रेकॉर्डवर जे आहे ते सीडीत मावत नाही हे म्हणणं मला तरी पटत नाही.

सुरुवातीला सीडी फक्त कारखान्यात बनायची. घरी लिहिता येईल अशी सीडी-आर 1988 मध्ये ताइयो युडेनने काढली, पण रेकॉर्डर इतके महाग की ते स्टुडिओतच दिसायचे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन वाटा खुल्या झाल्या. एक, कॉम्प्युटरचा बर्नर, म्हणजे सीडी लिहिणारा ड्राइव्ह, आणि दुसरी, कॅसेट डेकसारखा म्युझिक सिस्टीमलाच जोडायचा ऑडिओ सीडी रेकॉर्डर. हा दुसरा वापरायला सोपा, पण त्याची एक अट होती, साधी कॉम्प्युटरची कोरी सीडी तो घ्यायचाच नाही, त्याला "ऑडिओ" किंवा "म्युझिक" लिहिलेली महागडी सीडीच लागायची. याचं मूळ डॅट टेपवरून, म्हणजे आवाज डिजिटल साठवणाऱ्या कॅसेटवरून, झालेल्या भांडणात आहे. हुबेहूब डिजिटल कॉपी घरोघरी होईल म्हणून रेकॉर्ड कंपन्या घाबरल्या, अमेरिकेत 1992 मध्ये कायदा झाला, घरगुती डिजिटल रेकॉर्डरवर 2 टक्के आणि कोऱ्या माध्यमावर 3 टक्के रॉयल्टी बसली आणि कॉपीची पुन्हा डिजिटल कॉपी होऊ नये अशी सोय मशीनमध्येच करावी लागली. म्हणजे स्वतः विकत घेतलेली रेकॉर्ड स्वतःसाठी उतरवणाऱ्यालाही ते पैसे भरावे लागले, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

आणखी एक भानगड ट्रॅकची. हे रेकॉर्डर दोन-तीन सेकंद शांतता दिसली की पुढचा ट्रॅक नंबर टाकायचे. पण रेकॉर्डवर खरी शांतता कुठे असते, दोन गाण्यांमधल्या पट्टीतही खरखर असतेच, ती मर्यादेच्या वर गेली की अख्खी बाजू एकच ट्रॅक व्हायची, आणि उलट संथ आलापात सूर अगदी हळू झाला की गाणं मध्येच दोन तुकड्यांत! म्हणून जाणती मंडळी ऑटो बंद करून रिमोट हातात घेऊन बसायची, आणि शेवटी फायनलाइझ करायला, म्हणजे सीडीवर ट्रॅकची यादी लिहून ती बंद करायला, विसरायची नाहीत, कारण ते केल्याशिवाय साध्या प्लेअरमध्ये ती सीडी वाजतच नाही.

कॉम्प्युटरच्या वाटेने जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे होते. मिनिटाला साधारण 10 एमबी, म्हणजे एका एलपीला 400 एमबीच्या पुढे, आणि तेव्हाच्या हार्ड डिस्क केवढ्याशा. बर्न करताना मध्येच दुसरं काही उघडलं की डेटा वेळेवर पोचायचा नाही आणि सीडी वाया, त्यावर सॅन्योचं बर्न-प्रूफ तंत्र 2000 मध्ये आलं तेव्हा कुठे सुटका झाली. ट्रॅक-ॲट-वन्स, म्हणजे एकेक गाणं वेगळं लिहायच्या, पद्धतीने बर्न केलं तर प्रत्येक गाण्यामध्ये दोन सेकंदांची फट पडायची, त्यामुळे लाइव्ह मैफलीच्या रेकॉर्डमध्ये टाळ्या मध्येच गायब आणि पुन्हा सुरू. सीडीवर सेकंदाचे 75 भाग असतात, तुकडे त्या भागांच्या हद्दीवर नीट कापले नसतील तर जोडावर टक असा आवाज. कॅसेटवर काटा थोडा लालमध्ये गेला तरी चालायचं, इथे डिजिटल मीटरवर शून्याच्या वर गेलं की आवाज सपाट कापला जातो आणि फाटतो, म्हणून सर्वात जोरकस जागा वाजवून लेव्हल आधी लावून घ्यायची आणि शून्याच्या खाली थोडी जागा सोडायची.

2000 मध्येच ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करून कापायचं सॉफ्टवेअर फुकट मिळायला लागलं, पुढे त्या दशकाच्या मध्यात यूएसबी टर्नटेबल आले ज्यात फोनो सर्किट आणि डिजिटल करणारी चिप आतच असते. सोय झाली, पण स्वस्त मॉडेलमधली सुई आणि कार्ट्रिज यथातथाच. शेवटी आवाज उचलते ती सुईच, तिथे जे हुकलं ते पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, आणि क्लिक घालवायचा फिल्टर जास्त ओढला तर तबल्याची धारही त्याच्यासोबत जाते.

तेव्हा बऱ्याच जणांनी सीडी झाली म्हणून रेकॉर्ड देऊन टाकल्या, याचं वाईट वाटतं. सीडी-आरमध्ये आवाज साठतो तो रंगाच्या थरात, आणि ऊन, उष्णता लागली की तो थर खराब होतो, नीट ठेवलेली व्हायनल मात्र चाळीस-पन्नास वर्षांनीही वाजते. 2022 मध्ये तर अमेरिकेत सीडीपेक्षा जास्त एलपी विकल्या गेल्या. आता उतरवणारे बहुतेक जण 24 बिटमध्ये फाइल करून दोन ठिकाणी ठेवतात, हवी तेव्हा त्यातून सीडी काढतात, आणि रेकॉर्ड धुऊन पुसून पुन्हा कव्हरमध्ये उभी ठेवतात.