जुन्या गाडीतली 'चिप': एक खुलासा

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या बाजूला जुनी गाडी घेऊन उभं राहिलं की सल्ला मिळतोच: "काका, चिप बसवा, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेजही." हे खरं नाही. लोकांचे कष्टाचे पैसे जातात, म्हणून लिहितोय.

आधी गाडी कुठली ते बघा. 1983 साली आलेल्या मारुती 800मध्ये कार्ब्युरेटर होता. अशा गाडीत पेट्रोल किती जायचं हे जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक ठरवतं; ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, नसतोच. मग चिप बोलणार कुणाशी?

इंजेक्शनच्या, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीसाठी मिळणारी स्वस्त चिप पुष्कळदा साधा रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा भाग) असते. शेजाऱ्यांनी आणलेली मी उघडली: काळ्या डबीत रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर, दोन वायरी, बाकी नुसता गोंद. ती हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत जोडतात. ईसीयूला वाटतं हवा थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू पेट्रोल पुन्हा कमी करतो. हाती काय राहिलं?

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीचं रीमॅपिंग, म्हणजे ईसीयूमधला प्रोग्रॅम बदलणं, वेगळं. तिथे टर्बोचा दाब आणि डिझेल वाढवून ताकद खरोखर वाढते, पण क्लचवर आणि टर्बोवर ताणही येतो. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीत मी तरी ते करणार नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात जादा हवाच जात नाही, त्यामुळे फरक नाममात्र.

गाडी मंदावली असेल तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग बघा आणि मेकॅनिककडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या.