आयनझोत आणि लहरी : ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातील जुन्या वादाची पार्श्वभूमी

चुंबकीय बलरेषांना समांतर असे विद्युतक्षेत्र अवकाशात टिकूच शकत नाही, कारण बलरेषेवरून मोकळेपणी धावणारे इलेक्ट्रॉन ते क्षणात नाहीसे करतील, हा समज बराच काळ प्रबळ होता. १९६० मध्ये अग्निबाणावरील उपकरणांना जवळजवळ एकाच ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे खाली कोसळताना आढळले, म्हणजे जणू असेच एखादे समांतर विद्युतक्षेत्र त्यांना लोटत होते; तरीही हा समज मुळापासून हलला नाही. तो हलवला जुलै १९७६ मध्ये सोडलेल्या एस३-३ या उपग्रहाने. सुमारे ८,००० किलोमीटर उंचीपर्यंत जाणाऱ्या या उपग्रहाला हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) झोत आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, बलरेषांवरून वर निघालेले दिसले; समांतर विद्युतक्षेत्रच त्यांना वर ढकलत असल्याची ही खूण होती. ऑक्सिजनचे हे आयन पृथ्वीच्याच वातावरणातले होते, ही या शोधातली सर्वांत मोलाची बाब.

झोतांसोबत हायड्रोजनच्या परिभ्रमण वारंवारितेच्या (त्याचा आयन बलरेषेभोवती सेकंदाला जितक्या फेऱ्या घेतो त्या संख्येच्या) किंचित वरच्या, सेकंदाला साधारण शंभर आवर्तनांच्या विद्युतलहरीही सापडल्या, आणि या लहरी कशामुळे उठतात यावरून खरा वाद इथे सुरू झाला. बलरेषांवरून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहातील इलेक्ट्रॉनांमुळे अशा लहरी उठू शकतात, हे गणित १९७१ मध्येच मांडलेले असल्यामुळे अनेकांनी श्रेय प्रवाहाला दिले. इतरांनी ते झोताला दिले, आणि त्यांची बाजू अधिक सबळ वाटते. एकच विभवांतर (विद्युतदाबातील फरक) ओलांडताना दोन्ही आयनांना सारखी ऊर्जा मिळायला हवी; परंतु ऑक्सिजन सोळापट जड असल्याने हायड्रोजन त्याच्या चौपट वेगाने पुढे निघतो, वेगातील या फरकातून लहरी वाढतात आणि त्या हायड्रोजनची काही ऊर्जा ऑक्सिजनकडे पोहोचवतात. प्रत्यक्ष मोजमापांतही झोतातील ऑक्सिजनची सरासरी ऊर्जा हायड्रोजनपेक्षा जास्त भरली. केवळ प्रवाहावर बेतलेल्या स्पष्टीकरणात या फरकाची सहज संगती लागत नाही.

व्हायकिंग (१९८६) आणि फ्रेया (१९९२) या उपग्रहांनी तपशिलांत भर घातली. १९९६ मध्ये निघालेल्या फास्ट उपग्रहाने मात्र अतिशय जलद नोंदी घेऊन दाखवले की, झोत जिथून जातात त्या विरळ पोकळीत थंड प्लाझ्मा (कमी ऊर्जेचे आयन आणि इलेक्ट्रॉन) जवळपास उरतच नाही. त्यामुळे भरपूर थंड इलेक्ट्रॉन गृहीत धरणारी जुनी गणिते तिथे तशीच लागू करता येत नाहीत. प्रवाह खाली वाहतो त्या शेजारच्या भागात चित्र उलट असते: तिथे इलेक्ट्रॉन वर जातात, त्यांनी उठवलेल्या लहरी आयनांना बलरेषेच्या आडव्या दिशेने तापवतात आणि क्षीण होत जाणारे चुंबकीय क्षेत्र त्या आयनांना शंकूच्या आकारात वर लोटते.