कोळ्याची भीती वाटते? मग घर बघायला येण्याआधी हे वाचा

(गोव्यात भाड्याने घर शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की आमच्या ऑफिसात एकाच टाइपचे फोन सुरू होतात. घर मस्त आहे, मालक चांगले आहेत, पण काल रात्री बाथरूममध्ये हाताच्या पंजाएवढा कोळी होता, आम्ही रात्रभर हॉलमध्ये लाइट लावून बसलो, आम्हाला दुसरं काहीतरी बघा आणि डिपॉझिट तेवढं परत मिळवून द्या. ॲग्रीमेंटची शाई वाळलेली नसते. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट असतं, मालक म्हणतो मी काय केलं, भाडेकरू म्हणतो मला इथे झोप लागत नाही, आणि दोघांच्या मध्ये आम्ही. टेम्पोचं भाडं दोनदा, पोलिसांचा भाडेकरू फॉर्म दोनदा, गॅसचा पत्ता दोनदा. हे सगळं टाळता येतं म्हणून हे पत्रक.

चूक एकच होते आणि ती पहिल्या फोनवरच होते. सांगत नाहीत. आमच्या फॉर्मवर पार्किंग आणि पाळीव प्राणी यांच्या मध्ये एक ओळ आहे, 'कोळी, पाली, साप, बेडूक यांपैकी कशाची खूप भीती?' लोक हसतात आणि 'नाही' लिहून पुढे जातात, आणि वर सांगतात की शांत पाहिजे, हिरवं पाहिजे, जुनं घर असेल तर उत्तमच. मग आम्ही आसगाव, मयडे, हळदोणे, शिवोली असं दाखवत सुटतो, कारण आम्हाला वाटतं तुम्हाला तेच हवंय. नंतर कळतं की लहानपणापासून कोळी दिसला तरी घाम फुटतो, श्वास अडकतो, पण अनोळखी माणसाला सांगायची लाज वाटली. अहो, आम्हाला सांगायला लाज कसली, आम्ही काय पत्रिका जुळवायला बसलोय का? या भीतीला अरॅक्नोफोबिया असं नाव आहे, खूप लोकांना असते, त्यात धडधाकट पुरुषही असतात, आणि ते तर अजिबातच सांगत नाहीत, बायकोचं नाव पुढे करतात.

आता जुन्या घराचं गणित समजून घ्या. चिऱ्याची भिंत, वर वासे, रिपा आणि मंगळुरी कौलं. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये फट असते आणि ती मुद्दाम असते, गरम हवा तिथूनच बाहेर जाते, म्हणून ते घर मे महिन्यातही थंड. त्याच फटीतून कोळी आत येतो. ती फट सिमेंटने बुजवा म्हटलं तर भाटकार (जागेचा मालक) नाही म्हणणार आणि बरोबरच म्हणणार. फॉल्स सिलिंग मारलं की वरचं दिसत नाही एवढंच, सिलिंगच्या वर मात्र अंधार आणि शांतता, म्हणजे त्यांची चैनच. तेव्हा कोळ्याला खरंच घाबरत असाल तर कौलारू घराचा हट्ट सोडा, त्या घराचे फोटो कितीही चांगले असले तरी. (आम्हाला ब्रोकरेज अशा घरांतून जास्त मिळतं, तरीही सांगतोय.)

ज्याच्यामुळे फोन येतात तो बहुतेक वेळा हंट्समन जातीचा असतो. तपकिरी, चपटा, पाय पसरले की १० सेंटीमीटरच्या आसपास. हा जाळं विणत नाही, त्यामुळे जळमटं नाहीत म्हणजे कोळी नाहीत असं धरू नका. दिवसा गीझरच्या मागे, मीटर बॉक्सच्या मागे, दाराच्या चौकटीच्या फटीत, पडद्याच्या मागे चिकटून बसतो आणि रात्री झुरळं मारायला बाहेर पडतो. मादी असेल तर पोटाखाली पांढरी चपटी अंड्यांची पिशवी धरून फिरते, बघणाऱ्याला वाटतं तोंडात रुपयाचं नाणं धरलंय. माणसाच्या मागे लागत नाही, उलट लाइट लावला की पळतो, पण इतक्या जोरात आणि आडवातिडवा पळतो की भीती असलेल्या माणसाला ते अंगावर आल्यासारखंच वाटतं. कोपऱ्यात छताला लटकणारे लांब काडीसारख्या पायांचे, फुंकर मारली की थरथरणारे कोळी वेगळे, ते झाडूने निघतात, त्यांच्यासाठी घर बदलायची गरज नाही.

बागेचं वेगळं. पावसाळ्याच्या शेवटी, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, जायंट वूड स्पायडर मोठे झालेले असतात, मादीचं नुसतं अंगच ३ ते ५ सेंटीमीटर आणि जाळं पिवळसर, दोन झाडांच्या मध्ये मीटरभर सहज. फोंड्याकडे कुळागराला (नारळ-सुपारीच्या बागेला) लागून घर घेतलंत, किंवा गेटपासून दारापर्यंत झाडांतून वाट असली, तर सकाळी ऑफिसला निघताना हे तोंडासमोर येणार. घरात ते येत नाहीत, पण गेटपर्यंत जायलाच पाय उचलत नसेल तर त्याचा काय उपयोग.

म्हणून घर कधी बघता ते महत्त्वाचं. सगळ्यांना रविवारी सकाळी अकराला बघायचं असतं, त्यातही एप्रिल-मेमध्ये, नाहीतर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास, जेव्हा गोव्यातलं प्रत्येक घर झाडून-पुसून, रंग मारून लखलखीत असतं. त्या वेळी घर बघणं म्हणजे निम्मंच घर बघणं. आम्ही ज्यांनी भीती सांगितलीय त्यांना एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर नेतो. रात्रीच्या व्हिजिटचे वेगळे पैसे घेतो, त्यावरून कुरकुर होते. पण आमच्या माणसाला रात्री पुन्हा त्याच गावात जावं लागतं, आणि ते पैसे घर फायनल झालं तर ब्रोकरेजमधून वजा होतात, हे फॉर्मवर आधीच छापलेलं आहे. रात्री बाहेरचे लाइट लावायला सांगा आणि दहा मिनिटं थांबा, दिव्याभोवती किती किडे जमतात बघा, कारण किडे तिथे कोळी. मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरून परसातल्या गवतावर मारा, लहान लहान चमकणारे ठिपके दिसले तर ते कोळ्यांचे डोळे. हे स्वतः करायची हिंमत नसेल तर गाडीत बसा, आमचा माणूस बघून खरं काय ते सांगेल.

मग घ्यायचं काय? पर्वरी, ताळगाव, करंझाळे, फातोर्डा इथले अलीकडचे फ्लॅट. पण नुसतं वरच्या मजल्यावर आहे म्हणून खूश होऊ नका, कोळ्याची पिल्लं धाग्याला लटकून वाऱ्याबरोबर कुठेही पोचतात. बघायचं ते असं की बाल्कनीला झाडाची फांदी टेकतेय का, एसीच्या पाइपचं भोक उघडं आहे का, बाथरूमच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या आहेत आणि जाळी नाही असं आहे का, आणि शेजारचा प्लॉट झुडपांनी भरलाय का. आणखी एक, जे कोणी विचारत नाही: शेजारचे आणि वरचे फ्लॅट उघडे असतात की वर्षभर कुलूपबंद. गोव्यात बाहेरच्यांनी घेऊन ठेवलेले फ्लॅट भरपूर, ते डिसेंबरात आठवडाभर उघडतात आणि बाकी वेळ आतमध्ये झुरळं आणि कोळी आपापला संसार करतात, आणि तुमची डक्ट नि त्यांची डक्ट एकच असते. प्रत्येक बिल्डिंगमध्ये वॉचमनला हे आम्ही विचारून ठेवतो.

पेस्ट कंट्रोलबद्दल. करून घ्या, पण त्याने झुरळं जातात आणि खायला नाही म्हणून कोळी कमी होतात, असा तो उलटा हिशोब आहे. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, फरशीवरचं औषध त्याला झुरळाएवढं लागत नाही, उलट फवारणीनंतर एक-दोन दिवस अर्धमेले होऊन ते उघड्यावर येतात. म्हणून फवारणी राहायला येण्याच्या आधी, आणि मध्ये आठवडा जाऊ द्या. त्यापेक्षा दाराखालची फट रबराच्या पट्टीने बंद करणं, खिडक्यांना जाळ्या, बाथरूमच्या मोरीला जाळी आणि बाहेर पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा, एवढ्याने जास्त फरक पडतो, कारण पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात. आमचा सुतार हे काम एका दिवसात करतो, मालकाची परवानगी आम्ही काढून देतो, मजुरी आणि सामान तुमचं. तुमचा स्वतःचा माणूस असेल तर त्याच्याकडून करा, आमची हरकत नाही, फक्त जाळ्या ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या म्हणजे जाताना वाद नको.

शिफ्टिंगला दुकानातून जुनी खोकी आणू नका, गोदामातले कोळी तुम्हीच उचलून नव्या घरात नेता. आम्ही नवी खोकी ठेवतो, विकतच.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, कोळी अजिबात नसलेलं घर गोव्यात आम्ही दाखवू शकत नाही, आणि जो ब्रोकर तशी गॅरंटी देतो त्याच्याकडून ती लेखी घ्या. भीती इतकी असेल की फ्लॅटमध्येही झोप लागत नाही, तर घर बदलत राहण्यापेक्षा डॉक्टरकडे जाणं स्वस्त पडतं. यावर उपचार आहेत, आधी फोटो, मग लांबून, मग जवळून अशी हळूहळू सवय करतात, जबरदस्ती नसते. बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचाराची संस्था सरकारीच आहे, तिथे विचारा.

टोकन देऊन झाल्यावर, कोळी निघाला म्हणून घर सोडलंत तर ब्रोकरेज परत मिळत नाही. फॉर्मवर 'हो' लिहिलेलं असेल आणि आम्ही रात्री न दाखवताच घर दिलं असेल, तर मिळतं. पावसाळ्यात रात्रीच्या व्हिजिटला बंद बूट घालून या, चपला नकोत, परसातल्या गवतात कोळ्यांपेक्षा वेगळ्या गोष्टी बघून पाय टाकावा लागतो.