विहिरीतला मारवा

माझ्या फोनमध्ये दोन रेकॉर्डिंगं शेजारी शेजारी आहेत. पहिलं मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातलं, उरुसाच्या संगीतसभेतलं. खाली सतरंजी, मागे फुगेवाल्याची पिपाणी, मधूनच रिक्षाचा हॉर्न. मी पुढे सरकत सरकत गवयापासून जेमतेम दोन मीटरवर जाऊन बसलो होतो आणि फोन मांडीवर ठेवला होता. दुसरं सांगलीतल्या एका सभागृहातलं. तिकीट काढून गेलो होतो. दहावी रांग, गार हवा, कुणाचा चकार शब्द नाही. आयोजकांनी हौसेनं ‘बिनमाइकची मैफल’ ठेवली होती आणि गवयानं मारवा राग असा काही मांडला की मध्यंतरात चहाच्या रांगेतही कुणी बोलायला तयार नव्हतं.

घरी येऊन ऐकलं. दर्ग्यातलं गाणं पिपाणीसकट खणखणीत. सभागृहातला मारवा मात्र विहिरीतून आल्यासारखा. शब्द एकमेकांवर सांडलेले, तानेचे दाणे विरघळलेले, आणि तबला म्हणजे पलीकडच्या खोलीत कुणी गादी झोडपतंय.

ग्रुपवर टाकल्याबरोबर सल्ले सुरू झाले. फोन बदला, बाहेरचा माइक जोडा, अमुक ॲप घ्या. एकानं तर सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची केबल सुचवली. फोनला केबल कुठे जोडायची, हे त्यानं सांगितलं नाही. पण फोन दोन्हीकडे तोच होता हो! बदलली होती ती माझी बसायची जागा आणि भोवतीच्या भिंती.

नववीच्या पुस्तकात प्रतिध्वनीचा धडा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, आवाजाची छाप ०.१ सेकंद टिकते, म्हणून भिंत किमान १७.२ मीटरवर हवी. हे गणित सोडवून आपण सगळ्यांनी मार्क मिळवलेत. सभागृहात मात्र असा सुटा प्रतिध्वनी क्वचितच ऐकू येतो. गवयाच्या तोंडून निघालेला स्वर बारा मीटरवरच्या माझ्या कानात ३५ मिलिसेकंदांत पोचतो. त्याच्या मागोमाग छतावरून, डाव्या-उजव्या भिंतींवरून, मागच्या दारावरून त्याच स्वराच्या प्रती येत राहतात. आधी चार-सहा, मग शेकडो, मग मोजण्यापलीकडे. त्यांचा जो एकसंध घुमारा होतो त्याला पुस्तकात ‘निनाद’ म्हटलंय. धड्यात त्याला एखादा परिच्छेद मिळतो, पण मैफलीचं निम्मं भवितव्य त्याच्या हातात असतं.

हा निनाद मोजला वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. एक वाक्य संपेपर्यंत पहिला शब्द जिवंतच. काहीतरी करा, म्हणून काम सबाइनच्या गळ्यात पडलं. त्याच्याकडे ना माइक होता ना मीटर. एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान, एवढीच सामग्री. रस्ते शांत झाल्यावर मध्यरात्रीनंतर तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा. काही गाद्या मांडायच्या, नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागला ते टिपायचं, आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी. असं कित्येक रात्री चाललं. गाद्यांच्या त्या हमालीतून निघालेलं सूत्र आजही वापरतात:

निनादकाळ = ०.१६१ × सभागृहाचं घनफळ ÷ एकूण शोषण

निनादकाळ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा लाखाव्या भागावर उतरायला लागणारे सेकंद. शोषण मोजायचं चौरस मीटरमध्ये. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही.

आता २० मीटर लांब, १५ मीटर रुंद, ८ मीटर उंच असं एक सभागृह घ्या. घनफळ २४०० घनमीटर. रिकाम्या खुर्च्या, पडदे, छत मिळून शोषण १६० धरू. निनादकाळ येतो २.४ सेकंद. मग ५०० माणसं येऊन बसतात. कपड्यांसकट एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर खिडकीइतका आवाज गिळतो. शोषण झालं ३८५, निनादकाळ उरला एक सेकंद. दुपारी रिकाम्या सभागृहात केलेली आवाजाची जुळवणी रात्री फसते, ती यामुळे. श्रोता नुसता ऐकत नसतो, अंगातल्या स्वेटरसकट तो ध्वनिव्यवस्थेचा भाग असतो.

खरी गंमत पुढच्या आकड्यात आहे. गवयापासून लांब जावं तसा थेट येणारा आवाज झपाट्यानं क्षीण होतो. अंतर दुप्पट, ऊर्जा पाव. निनाद मात्र सभागृहभर जवळपास सारखाच पसरलेला असतो, पहिल्या रांगेत जेवढा तेवढाच शेवटच्या. म्हणजे कुठेतरी एका अंतरावर दोघे बरोबरीत येणार. त्याला क्रांतिक अंतर म्हणतात आणि ते काढायचं असं: घनफळाला निनादकाळानं भागा, वर्गमूळ घ्या, ०.०५७ नं गुणा. २४०० भागिले १, वर्गमूळ ४९, गुणिले ०.०५७. उत्तर २.८ मीटर.

पुन्हा वाचा, २.८ मीटर. तबलजीच्या पुढ्यातली पहिली रांगसुद्धा बहुधा त्याच्या पलीकडे. मी होतो बारा मीटरवर. बाराला २.८ नं भागून वर्ग केला की १८ च्या आसपास येतात. म्हणजे माझ्या फोनमध्ये गवयाचा एक रुपया गेला, तर सभागृहाचे अठरा. (माणसाचा आवाज समोर जरा जास्त जातो, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून थोडा कमी असेल. विहीर ती विहीरच.) दर्ग्याच्या आवारात मी दोन मीटरवर, शिवाय भिंती लांब, डोक्यावर आभाळ. तिथे जो आवाज गेला तो गेलाच. रुपयाला सोबत होती फक्त पिपाणीची.

इथे जाणता वाचक अडवेल. अहो, दहाव्या रांगेत तुम्ही स्वतः होतात ना? तुम्हाला तर छान ऐकू आलं!

आलं, आणि या लेखामागचं माझं वेड तेच आहे. आत्ता एक करून बघा. फरशी असलेल्या, फारसं सामान नसलेल्या खोलीत जा, पलीकडच्या टोकाला कुणाला तरी बोलायला सांगा. डोळे मिटून दोन्ही कानांनी ऐका. मग एका कानात बोट घट्ट घाला. खोली एकदम वाढल्यासारखी वाटेल, बोलणारा मागे सरकेल, शब्दांना शेपट्या फुटतील. बोट काढा, शेपट्या गायब. निनाद तेवढाच होता. दोन कान मिळाल्यावर मेंदूनं तो बाजूला काढून ठेवला.

हे काम दोन पायऱ्यांत होतं. पहिली, आधी आलेल्याचा मान. १९४९ मध्ये हेल्मुट हास यानं जर्मनीतल्या ग्योटिंगेनला केलेल्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोन जागांहून ५ ते ३० मिलिसेकंदांच्या फरकानं आला, तर माणसाला तो एकच वाटतो, आणि तोही आधी आलेल्या जागेहून. मागाहून आलेला दहा डेसिबलनं मोठा असला तरी त्याला वेगळी जागा मिळत नाही. म्हणून छतावरून आलेली पहिली प्रत आपल्याला छतावर ऐकू येत नाही; ती गवयाच्याच आवाजात मिसळून त्याला भरदार करते. दुसरी पायरी दिशेची. थेट आवाज समोरून येतो, म्हणून दोन्ही कानांत जवळजवळ सारखा पडतो. निनाद चहूबाजूंनी येतो, त्यामुळे डाव्या आणि उजव्या कानात त्याची नक्षी जुळत नाही. जे जुळतं ते गाणं, जे जुळत नाही ते दालन, असा हिशेब मेंदू अखंड करत असतो. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप बहुधा एकाच माइकवर चालतं. एक आणि अठरा रुपये एकाच पिशवीत ओतले गेले आणि घरी ती पिशवी एकाच स्पीकरमधून रिकामी झाली. आता दिशाच उरली नाही, तर मेंदू वेगळं करणार कशावरून?

शिवाय फोनची स्वतःची हुशारी असते. हळू आवाज आला की तो पातळी वर उचलतो, टाळी पडली की दाबतो. त्यामुळे आलापाची उतरण आणि चढण एकाच उंचीची होते. आणि सतत सारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं गोंगाट काढणाऱ्या प्रणालींना शिकवलेलं असतं. आता सतत सारखं वाजणारं आपल्याकडे काय आहे? तंबोरा. करोनाच्या काळात झूमवर शिकवणाऱ्या कित्येक गुरुजींचा तंबोरा शिष्याकडे पोचतच नव्हता. ‘ओरिजिनल साउंड’ची कळ दाबायची हे कळेपर्यंत विद्यार्थी अधांतरी गात होते.

तंबोऱ्याच्या बाबतीत हे जास्तच लागतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी एका कारागिराकडे मुद्दाम गेलो होतो. त्यांनी एक तार छेडली. आवाज आला ‘टंक’, पत्र्यावर खडा पडावा तसा. मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती धागा सरकवला, नखानं केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तीच तार उघडली. स्वराच्या आत स्वर, भिंगरीसारखे फिरणारे. “जवारी लागली बघा सर,” ते म्हणाले, “पण ह्यो आवाज मोबाइलात न्हाई बसायचा.” सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे जे उपस्वर पुस्तकाप्रमाणे उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत ऐकू येतात, कारण तार घोडीच्या वक्र पाठीला घासत थरथरते. हे उपस्वर नाजूक असतात आणि त्यांचा तोल क्षणाक्षणाला बदलतो. निनादात ते बुडतात, आणि निनादातून वाचले तर फोन त्यांना पंखा समजून पुसतो.

ओघात आलंच आहे म्हणून, वाद्य ४३२ हर्ट्झवर लावलं की विश्वाशी सूर जुळतो, असं ‘दैवी कंपन’ सांगणारे संदेश मला पाठवू नका. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. दिवसाचे ८६,४०० तुकडे करून सेकंद माणसानंच ठरवला. आणि आपल्या गाण्यात ‘सा’ गळ्याप्रमाणे सरकतो. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणी काळी एक, कुणी पांढरी चार. विश्वानं नेमका कुणाच्या तंबोऱ्यात मुक्काम करायचा?

तर उत्तम लाईव्ह रेकॉर्डिंग म्हणजे रुपयांचं प्रमाण साधणं. अगदी जवळ गेलं तरी बिघडतं. गवयाच्या तोंडापासून ३० सेंटिमीटरवरच्या माइकमध्ये थेट आवाज निनादाच्या जवळपास ८७ पट. ध्वनियंत्रणेच्या बोर्डावरून थेट घेतलेली रेकॉर्डिंगं म्हणूनच कोरडी ठाक वाटतात. श्वास, ओठांची चटचट, पेटीचा भाता सगळं कानात, पण मैफल कुठे भरली होती त्याचा पत्ता नाही.

अमेरिकी जाझ वादक बेनी गुडमनची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली १६ जानेवारी १९३८ ची मैफल रंगमंचावर टांगलेल्या एकाच माइकवर घेतली गेली आणि अल्बम म्हणून निघाली १९५० मध्ये. एक कानच, पण टांगला योग्य अंतरावर. पितळी वाद्यं अंगावर येतात आणि हॉलही दिसतो. माझा सर्वात लाडका अल्बम मात्र जाझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचा, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातला, २५ जून १९६१ चा. ग्लास किणकिणतात, कुणी कुजबुजतं, आणि डबल बास या खर्जाच्या तंतुवाद्याचं लाकूड हाताला लागेल इतकं जवळ. तळघर लहान, निनाद आखूड, म्हणून किणकिणाटही नेमक्या जागी बसतो आणि पियानोवर सांडत नाही. पियानोवादक कीथ जॅरेटच्या जर्मनीतल्या कोलोनच्या मैफलीची (२४ जानेवारी १९७५) कहाणी उलटी. पियानो चुकीचा आलेला, खर्ज पोकळ, वरचे स्वर किरटे. तो मधल्या पट्ट्यांत राहिला, डाव्या हातानं तेच ते घोळवत गेला, आणि वाद्याच्या खोडीतून अल्बम उभा राहिला.

‘लाईव्ह’ लिहिलेलं सगळं लाईव्ह मानू नये. अमेरिकी गायक जॉनी कॅशच्या फॉल्सम तुरुंगातल्या १९६८ च्या अल्बमात गाण्यातल्या खुनाच्या ओळीवर कैदी जो जल्लोष करतात, तो नंतर स्टुडिओत जोडलेला आहे. खरे कैदी पहारेकऱ्यांसमोर गप्प होते. अल्बम तरीही मला आवडतो, फक्त त्या जागी मी आता हसतो.

यंदा मी दोन फोन नेले. पुन्हा एका सभागृहातली मैफल, पण या वेळी माइकवाली. एक फोन आयोजकांच्या परवानगीनं रंगमंचाच्या कडेला, गवयापासून हातभर, दुसरा माझ्याजवळ १४ मीटरवर. जवळचा रुपया आणि लांबचा निनाद वेगवेगळे आणायचे आणि घरी हवे त्या प्रमाणात मिसळायचे, असा बेत. १४ मीटर म्हणजे ४१ मिलिसेकंदांचा उशीर, तेवढा दुसरा फोन पुढे ओढला. तबल्याच्या सुरुवातीच्या थापा बिनचूक जुळल्या आणि मी खोलीतच स्वतःला दाद दिली. चाळीस मिनिटांनी द्रुत संपला तर प्रत्येक थाप दोनदा. दोन फोनांतल्या क्वार्ट्झ घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असेल, तर २४०० सेकंदांत ४८ मिलिसेकंद साचतात. आता दर पाच मिनिटांनी एक थाप शोधतो आणि फाइल तिथे कापून पुन्हा जुळवतो. विलंबित संपलाय, द्रुत व्हायचाय.