जेबिग२ त्रुटी (अडोबी रीडर, २००९)

अडोबी रीडर व अ‍ॅक्रोबॅट या सॉफ्टवेअरमधली, फेब्रुवारी २००९ मध्ये उघडकीस आलेली गंभीर सुरक्षा त्रुटी. सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला (सीव्हीई) तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२००९-०६५८. ९.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना तिचा धोका होता. मुद्दाम बिघडवलेली पीडीएफ फाइल उघडली, की हल्लेखोराचा कोड वापरकर्त्याच्या संगणकावर चालू शकत असे.

जेबिग२ ही फॅक्स आणि स्कॅन केलेल्या काळ्या-पांढऱ्या पानांचा आकार कमी करण्याची पद्धत. पानावर एखादे अक्षर शंभरदा आले, तरी त्याची आकृती एकदाच साठवायची आणि पुढे ती कुठे कुठे बसवायची तेवढेच नोंदवायचे. ही माहिती खंडाखंडांनी येते आणि प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला काही आकडे असतात. त्यातला एक आकडा रीडर मर्यादा न तपासताच मेमरीतली जागा शोधायला वापरत होता. हल्लेखोर तिथे हवा तो आकडा भरत आणि पीडीएफमध्ये घालता येणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मदतीने आपला कोड आधीच मेमरीभर पसरून ठेवत.

अडोबीने १९ फेब्रुवारीला त्रुटी मान्य केली, तेव्हा हल्ले सुरू झालेले होते. दुरुस्त आवृत्ती ९.१ आली १० मार्चला. आवृत्ती ७ आणि ८ वापरणाऱ्यांना आणखी आठवडाभर थांबावे लागले. इतक्या घरांत आणि कचेऱ्यांत असलेल्या सॉफ्टवेअरसाठी हा उशीर फारच होता. मधल्या काळात जावास्क्रिप्ट बंद ठेवण्याचा सल्ला दिला गेला. त्याने हल्ला अवघड होई, पण मूळ दोष तसाच राही.

बेल्जियन संशोधक दिदिए स्टीव्हन्स यांनी मार्चमध्ये दाखवलेली गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. रीडरसोबत विंडोज एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फोल्डर आणि फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, एक जोड-प्रोग्राम बसत असे. फाइलचे शीर्षक, लेखक वगैरे तपशील तो वाचत असे. त्या तपशिलातच बिघडवलेला जेबिग२ प्रवाह ठेवला, तर फोल्डरमध्ये फाइलवर एक क्लिक करणेही पुरेसे ठरत होते. अनोळखी फाइल उघडू नका, हा नेहमीचा सल्ला इथे अपुरा पडत होता.

त्याच वर्षी फॉक्सिट रीडर आणि एक्सपीडीएफ या पीडीएफ वाचणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जेबिग२ भागातही दोष सापडले. अडोबीने सुरक्षा दुरुस्त्या दर तिमाहीला देण्याचे ठरवले आणि नोव्हेंबर २०१० मधल्या रीडर एक्समध्ये सँडबॉक्स आणला. त्यामुळे फाइल वाचणारा भाग बाकीच्या संगणकापासून वेगळा राहू लागला.

तरी हा प्रकार संपला नाही. एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीच्या पेगॅसस हेरगिरी सॉफ्टवेअरने वापरलेली 'फोर्सडएंट्री' ही त्रुटी (सीव्हीई-२०२१-३०८६०) अ‍ॅपलच्या जेबिग२ वाचकातच होती, आणि तो वाचक एक्सपीडीएफच्या कोडवर आधारलेला होता. अ‍ॅपलच्या आयमेसेज या संदेशसेवेवर .जीआयएफ नावाने येणारी हल्ल्याची फाइल प्रत्यक्षात पीडीएफ असे. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधक गटाने केलेल्या विश्लेषणानुसार, तिच्यातल्या सत्तर हजारांहून अधिक जेबिग२ आज्ञा मिळून फोनच्या मेमरीत एक छोटा आभासी संगणकच उभा राहत होता. अ‍ॅपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी आयओएस १४.८ मध्ये ही त्रुटी दुरुस्त केली.