गिरक्या घेणारे दर्वेश बेभान नसतात

गरगर फिरून सुफी दर्वेश, म्हणजे फकीर, बेशुद्धीच्या नशेत जातात, ही समजूत जुनी आहे आणि चुकीचीही. तुर्कस्तानात कोन्याच्या मेवलेवी पंथातला ‘समा’ हा गिरक्यांचा विधी काटेकोर शिस्तीचा असतो. या पंथाचे प्रेरणास्थान, सुफी कवी रूमी १२७३ साली वारले. विधीला आजचं ठरीव रूप त्यांच्या मुलाने आणि पुढच्या पिढ्यांनी दिलं. उंच टोपी म्हणजे अहंकाराच्या कबरीवरचा दगड, पांढरा झगा त्याचं कफन. उजवा तळहात वर, कृपा घ्यायला. डावा खाली, ती जगाला द्यायला. मनात अल्लाहचं नामस्मरण. साथीला नेय ही बोरूची बासरी आणि कुदुम नावाचे छोटे नगारे. फेऱ्या चार, प्रत्येकीनंतर सगळे थांबतात, झुकतात. बेभान माणूस असा वेळेवर थांबेल? (पर्यटकांपुढे जेवणासोबत होणाऱ्या कार्यक्रमांवरून मात्र काही ठरवू नये.)